परतीची तारीख फॉर्ममध्ये लिहिलीय

मा. संपादक,
स. न.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एका काकांचं पत्र होतं, गोव्यातली पोरं शिकतात आणि पासपोर्ट घेऊन पळतात, तिकडे जाऊन बशा धुतलेल्या चालतात पण इथे कष्ट नकोत, असं काहीसं. बाबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, अगदी थांबून थांबून, कारण मी त्याच वेळी मेजावर सगळे कागद पसरून व्हिसाचा फॉर्म भरत बसले होते आणि त्यांना आयती संधी मिळाली. मी काही बोलले नाही. पण रात्री झोप येईना तेव्हा मोबाईलवर हे टाइप करायला घेतलं, शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या, मराठीची विद्यार्थिनी असून असं लिहिते म्हणून आमच्या मॅडमना सांगू नका म्हणजे झालं.

मी गोवा विद्यापीठात एमए मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर मांद्रेला. जूनमध्ये पंधरा दिवस पोर्तुगालला जायचंय, उत्तरेकडे ब्रागा म्हणून शहर आहे तिथे. पोर्तुगीज भाषेचा उन्हाळी वर्ग आहे, फी माफ झालीय, विमानाचा आणि राहण्याचा खर्च आपला आपण. पणजीत संध्याकाळचा क्लास दोन वर्षं केला त्याचं हे फळ. आमच्या घरातलं कुणीही आजवर विमानात बसलेलं नाही, त्यामुळे हे पंधरा दिवस म्हणजे घरात एखादं लग्न काढल्यासारखं झालंय, कोण बॅग देतंय, कोण स्वेटर देतंय (जूनमध्ये तिकडे उन्हाळा असतो हे सांगून थकले), आणि आई लोणचं किती किलो न्यायला देतात ते विचारतेय.

पण हे सगळं घराच्या आत. घराबाहेर पडलं की प्रश्न एकच. पोर्तुगाल म्हटलं की समोरच्याचा चेहराच बदलतो. "पुर्तुगीज करता गो?" आता हे वाक्य गोव्याबाहेरच्या माणसाला कळणारच नाही, पण आपल्याकडे ते नवा गॅस घेतला का इतक्या सहज विचारतात. ज्यांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात झाला त्यांना लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, मग त्यांच्या मुलांना, नातवंडांना, हे आमच्या वाड्यावरच्या चौथीतल्या पोरालाही तोंडपाठ आहे. माझी आजी त्या तारखेच्या आधीची. म्हणजे हिशोबाने आजी, मग बाबा, मग मी, सरळ ओळ लागते, आणि हा हिशोब मी न विचारता निदान दहा जणांनी मला करून दाखवलाय. मी म्हटलं नाही हो, मी आपला साधा भारतीय पासपोर्ट काढलाय, दीड हजार रुपये फी भरून, निळा. तर एक काकी म्हणाल्या, "मग कित्याक वता?"

मग कशाला जातेस. आपल्याकडे जाणं म्हणजे जाणंच. तारवटी बोटीवर जातो, गल्फवाला गल्फला जातो, पोर्तुगीजवाला आधी लिस्बनला कागद करतो आणि मग इंग्लंडातल्या स्विंडनला, निदान ब्रेक्झिट होईपर्यंत तरी जायचा. त्यांना मी नावं ठेवणार नाही, आणि त्या पत्रातल्या काकांनीही ठेवू नयेत असं मला वाटतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आईवडील दोघंही तिकडे गोदामात रात्रपाळी करतात आणि ती मावशीकडे राहून शिकते, गणेशचवथीला, नाताळला व्हिडिओ कॉलवर रडारड होते ती मी बघितलीय. बशा धुणाऱ्याला लाज नसते काका, त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता असतो. पण माझं म्हणणं वेगळं आहे. नुसतं बघायला जायचं, शिकायला जायचं, आणि परत यायचं, ही गोष्ट साध्या घरातल्या पोरीने केली तर त्यावर कुणाचा विश्वास का बसत नाही?

आणि गंमत म्हणजे व्हिसावाल्यांचाही बसत नाही! शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा असतो त्याचे, कागद बघितले का कधी? ९० युरो फी, म्हणजे नऊ हजारांच्या आसपास, आणि नाकारला तरी ते परत नाहीत. तीस हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स. बँकेची स्टेटमेंट, बाबांचं इन्कम टॅक्स रिटर्न, विद्यापीठाचं एनओसी, राहायच्या जागेचं बुकिंग, जायचं यायचं बुकिंग, पस्तीस बाय पंचेचाळीसचा फोटो ज्यात हसायचं नाही. आणि ह्या सगळ्या ढिगाऱ्याचा अर्थ एकच, की बाई तू परत जाणार ना, पुरावा दे. वाड्यावरच्या काकी जे कोकणीत विचारतात, "परत येतलें मगो?", तेच ते इंग्रजीत विचारतात. मध्ये मी, हातात फाईल घेऊन, दोघांनाही सांगतेय हो हो येणार.

एका एजंटकडे गेले होते, त्याने सगळं मिळून पस्तीस हजार सांगितले, त्यात व्हिसाची फी वेगळी, म्हणून उठून आले आणि स्वतःच भरायला घेतला. त्यात कव्हर लेटर लिहावं लागतं, मी कोण, का जातेय आणि परत का येणार. मी मनापासून लिहिलं. लिहिलं की सप्टेंबरात आमच्याकडे चवथ असते, आमच्या घरची माटोळी (गणपतीच्या डोक्यावर रानफळं, पानं टांगतात ती) बांधायचं काम दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे, कारण बाबांचा खांदा दुखतो आणि भाऊ आळशी, त्याला कांगलां कुठली आणि माट्टुलां कुठली एवढंही कळत नाही, डोंगरावर कुठल्या झाडाखाली काय मिळतं ते मला माहीत आहे, त्यामुळे मी परत न येऊन चालणारच नाही. मामेभाऊ म्हापशाला ट्रॅव्हलच्या ऑफिसात आहे त्याला वाचायला पाठवलं. त्याचा फोन आला तो हसतच. म्हणाला हे सगळं काढ आणि लिही "फॅमिली टाइज". मी काढलं. दोन शब्द लिहिले. तेवढ्याने त्यांचा विश्वास बसतो म्हणे, माटोळीने नाही.

पासपोर्टची कथा तर वेगळीच. जन्मदाखल्यावर बाबांचं आडनाव जुन्या पोर्तुगीज स्पेलिंगने, शेवटी क्यू यू ई, आणि आधार कार्डावर शेवटी नुसता के. आपल्यातल्या अर्ध्या लोकांचं हे दुखणं असणार, एकाच घरात तीन स्पेलिंगची माणसं राहतात. एका ऑफिसात म्हणाले अफिडेव्हिट करा, दुसऱ्याने म्हटलं ह्या नमुन्यात नाही चालत, मग तिसरी फेरी. पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार आले ते चांगले होते, चहा घेतला, आणि हळूच विचारलं बोटीवर जातेस काय. मुलीला कोण बोटीवर घेईल असं आजी म्हणाली, तर ते म्हणाले आता क्रूझवर घेतात आजी, पगार बरा असतो. म्हणजे सरकारी माणसालासुद्धा मी फिरून परत येणारी वाटले नाही.

पणजीत पाटोला पासपोर्टचं काम लवकर आटपलं होतं त्या दिवशी, म्हणून मी तिथून चालत सेंट्रल लायब्ररीत गेले. आणि माझ्या ब्रागाच्या वेडाचं मूळ तिथलंच आहे, त्या इमारतीच्या नावात. कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. रोज हजार माणसं त्या पाटीखालून जात असतील, कृष्णदास शामा कोण ते किती जणांना ठाऊक? गोव्यातल्याच केळशीचा माणूस, १५२६ मध्ये त्याने मराठीत श्रीकृष्णचरित्रकथा लिहायला घेतली. पोर्तुगीज पणजीच्या आसपास स्थिरावत होते आणि हा केळशीला बसून ओव्या लिहीत होता. पुढे देवळं पडली, पुस्तकं गेली, पण त्याच सोळाव्या शतकात जेझुइट पाद्रींनी इथल्या लोकांची भाषा आणि समजुती कळाव्यात म्हणून रामायण महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या, काही कोकणी गद्यात, काही मराठी ओव्यांत. ती बाडं कुठे आहेत? ब्रागाच्या सार्वजनिक ग्रंथालयात. गेल्या शतकात गोव्याचे अभ्यासक मारियानो साल्दान्हा यांनी ती उजेडात आणली म्हणून आपल्याला कळलं तरी.

आमच्या सरांनी वर्गात त्याच्या एका पानाची झेरॉक्सची झेरॉक्स दाखवली होती. अक्षरं सगळी ए बी सी डी, आणि मोठ्याने वाचलं की चक्क मराठी ऐकू येते! मला अंगावर काटा आला, खरंच सांगते. माझ्या आजीला व्हॉट्सॲपवर मी मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली आवडत नाही, म्हणते ही कसली भाषा, आणि इथे साडेचारशे वर्षांपूर्वी कुणीतरी टाक बोरू घेऊन तेच केलंय. ते पान मला समोर बघायचंय. हात लावू देणार नाहीत बहुतेक, काचेतून दाखवतील किंवा स्क्रीनवरच बघा म्हणतील, मी परवानगीसाठी ईमेल केलाय, माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये, क्रियापदं तीनदा तपासून. उत्तराची वाट बघतेय. नाहीच दाखवलं तर त्या इमारतीला एक प्रदक्षिणा घालून येईन, देऊळ बंद असलं तर आपण बाहेरून हात जोडून येतो तसं. फादर स्टीफन्सच्या मराठी ख्रिस्तपुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत तर लंडनला आहे, इथे गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये छापलेल्या मूळ पुस्तकाची एक प्रतही शिल्लक नाही, म्हणजे आपलं जुनं मराठी वाचायचं तरी व्हिसा लागतो. हे त्या पत्रातल्या काकांना सांगायचं होतं, की काही पोरांना आपल्याच घरचं सामान बघायला बाहेर जावं लागतं.

बाकी साध्यासुध्या इच्छा आहेत त्या लपवत नाही. बाजारात जायचंय. कोबी, अननस, काजू, बटाटा, चावी, साबण, परात, घमेलं, बिजागरी, लिलाव, पगार, हे सगळे शब्द आपल्याकडे तिकडून आले म्हणतात, मला ते तिकडच्या बाईच्या तोंडून भाजीच्या गाड्यावर ऐकायचेत आणि बघायचंय की आपण त्यांचं काय करून टाकलंय. त्यांच्याकडे कोंबडीचं पातळ सूप असतं भात घातलेलं, कांजा म्हणतात, तो शब्द आपल्या किनाऱ्यावरच्या कांजीवरून गेलाय. म्हणजे आजारी पडलं की ते पण पेजच पितात, बरं वाटलं मला हे वाचून. मग २४ जूनला मी तिथेच असणार. आपल्याकडे सांजांव, म्हणजे संत जॉनचा सण, डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट), विहिरीत उड्या आणि धो धो पाऊस, तिकडे त्याच संताच्या नावाने रात्रभर लोक रस्त्यावर, पोर्तोला तर एकमेकांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या हातोड्या मारतात. ब्रागाहून पोर्तो लोकलने तासाभराचं. हातोडी घेऊन येणार आहे, भावासाठी. आणि रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो जूनमध्ये, हे आजीला अजिबात पटत नाही, तिला वाटतं मला कुणीतरी फसवलंय.

भीती पण आहे. दुबईला विमान बदलायचंय ते जमेल का, इमिग्रेशनला विचारलं तर पोर्तुगीज बोलायचं की इंग्रजी, आणि माझ्या तोंडून कोकणीच आली तर. मासे खाणारी आहे म्हणून उपाशी मरणार नाही एवढं नक्की. पैशाचं थोडं ओढाताणीचंच आहे, दोन सीझन मी मांद्रेच्या एका शॅकवर बिलं लिहिली ते पैसे, आईच्या बचतगटाचं कर्ज, आणि उरलेलं बाबांनी घातलं. तेच बाबा ज्यांनी तुमचं ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं.

बाबांबद्दल एवढं लिहिते. ते टॅक्सी चालवतात. वीसेक वर्षं दाबोळी विमानतळावर भाडी केली, मोपाचा नवा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हापासून बहुतेक मोपाला. आमच्या भागात रशियन इतके येतात की मोरजी हरमलला हॉटेलांच्या पाट्या रशियनमध्ये असतात आणि बाबांना रशियन भाषेत भाड्याची घासाघीस करता येते, स्पासीबा तर आमच्या घरात धन्यवादपेक्षा जास्त वेळा म्हटलं जातं. किती देशांची माणसं त्यांच्या गाडीत बसून गेली असतील त्याचा हिशोब नाही. आणि विमानतळाच्या दरवाजाच्या आत ते कधी गेले नाहीत, कारण आत जायला तिकीट लागतं. जग आमच्या दारात येतं, कपडे वाळत घालतं, स्कूटर भाड्याने घेतं, आम्हाला विचारतं तुम्ही कुठे कुठे फिरलात, आणि आम्ही म्हणतो बेळगाव, कोल्हापूर, पंढरपूर. यात कमीपणा काही नाही. पण एकदा तरी त्या कठड्याच्या पलीकडून घरातल्या कुणीतरी हात हलवावा असं बाबांना वाटत असणार, बोलत नाहीत, पण मी त्यांना सांगितलं मला सोडायला शेजारच्या दादाची गाडी सांगू का, तुमचा सकाळचा नंबर जाईल, तर एवढे चिडले की विचारू नका.

त्या काकांनी लिहिलं होतं की पूर्वीची माणसं माती सोडून जात नव्हती. हे काही खरं नाही हो. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाचं वाचून असे पेटले की १८९९ मध्ये घर सोडून निघाले, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, मग सिलोन, ब्रह्मदेश, आणि पुढे हार्वर्डला आणि रशियात लेनिनग्राडलासुद्धा जाऊन आले. आणि मिळवलेलं सगळं मराठीत लिहून ठेवलं आपल्यासाठी. त्यांना कुणी फॅमिली टाइज विचारले नसतील. (त्यांच्या घरच्यांचे मात्र हाल झाले, तेही त्यांनी स्वतःच लिहिलंय, म्हणून मी त्यांची बरोबरी सांगत नाही, मी फक्त पंधरा दिवस जातेय आणि आईला रोज फोन करणार आहे.)

एक मात्र सुचवायचंय, छापाल तर बरं. अशा उन्हाळी वर्गांची, स्कॉलरशिपची माहिती आमच्यापर्यंत पोचते ती मुदत संपल्यावर. मला हे कळलं ते क्लासमधल्या एका मैत्रिणीने लिंक टाकली म्हणून, शेवटचे चार दिवस राहिले असताना. आमच्या तालुक्यातल्या बारावीच्या मुलांना बोटीवर भरती कुठे असते, गल्फचा एजंट कोण, हे सगळं माहीत असतं, पण युरोपात एरास्मससारख्या स्कॉलरशिपवर शिकायला जाता येतं हे नाव ऐकलेलं नसतं. तुमच्या पेपरात महिन्यातून एकदा अर्धा रकाना ह्या माहितीला द्या ना, कुठला अर्ज, कधीपर्यंत, कागद कोणते. आडनावाच्या स्पेलिंगचं कसं निस्तरायचं यावर तर अख्खं पान द्यावं लागेल, ते मी फुकट लिहून देईन.

अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारी आहे. व्हिसा नाही मिळाला तर नऊ हजार गेले आणि काकी म्हणतील बरं झालं. मिळाला तर १४ जूनला निघते.

आजीचं राहिलंच. आजी पोर्तुगीज अमदानीत शाळेत गेली, मुलगी असून, पहिल्या ग्रावपर्यंत, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेपर्यंत. भाषा सगळी विसरली, पण नद्या नाही विसरली. तेव्हा शाळेत पोर्तुगालच्या नद्या पाठ करायला लावायचे, इथल्या नद्यांचं कुणी विचारायचं नाही, शापोरा घराच्या मागून वाहते पण ती परीक्षेला नव्हती. मिन्यु, दोरु, मोंदेगु, तेजु, ग्वादियाना, असं आजी अजून एका दमात म्हणते, भाजी चिरता चिरता. लिस्बनला उतरल्यावर तेजु दिसेल, आगगाडीने वर गेलं की पोर्तोच्या तोंडाशी पुलावरून दोरु ओलांडायची. परवा रात्री मी बॅग मोजत होते तर ती येऊन बसली आणि म्हणाली, फोटो बिटो नको आणूस, मला फोटोत कळत नाही, तू नीट बघ आणि येऊन सांग, शापोऱ्याएवढी तरी आहे काय ती दोरु, का उगीच आमच्याकडून घोकून घेतली.

आपली,
एमए मराठीची एक विद्यार्थिनी
मांद्रे, पेडणे